भाडेकरारातली ‘चुलत बहीण’ : ठाण्यातल्या एका पार्टनर व्हिसाची हकिकत

मे २०२४ मधल्या एका रविवारी दुपारी शलाका माझ्याकडे नौपाड्यात आली. हातात निळी प्लॅस्टिकची फाइल, आणि त्या फाइलीत एकच कागद. घोडबंदर रोडवर कासारवडवलीला ती आणि तिची जोडीदार केतकी राहत होत्या, त्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा भाडेकरार. नोंदणी झालेला, दोघींचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे असलेला.

“मावशी, आमच्या दोघींची नावं एकत्र असलेला सरकारी कागद हा एवढा एकच आहे,” ती म्हणाली, “आणि नेमका यातच घोळ आहे.”

तिसऱ्या पानावर ब्रोकरने एक वाक्य घातलं होतं. परवानाधारक क्रमांक १ व २ या एकमेकींच्या चुलत बहिणी असून त्या सदर जागेचा वापर केवळ निवासासाठी करतील. दोघींनी पान उलटून सही केली होती.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षं काढली. कागद वाचायचा, तो काय बोलतो आणि काय दडवतो ते बघायचं, हेच काम. निवृत्तीनंतर ओळखीतल्यांच्या वारसनोंदी, पासपोर्ट, दाखले हे सगळं माझ्याकडे आपोआप येत गेलं. शलाकाला ऑस्ट्रेलियाला केतकीकडे जायला पार्टनर व्हिसा, म्हणजे जोडीदार म्हणून मिळणारा व्हिसा, हवा होता. त्याचा कायदेशीर सल्ला हे माझं काम नाही. त्यासाठी केतकीने मेलबर्नला नोंदणीकृत मायग्रेशन एजंट नेमली होती. ठाण्यात जे कागद गोळा करायचे होते, ते मी आणि शलाकाने मिळून केले. दोघींच्या परवानगीने, नावं बदलून, ही हकिकत लिहिते आहे. आपल्याकडच्या समलिंगी जोडप्यांना या वाटेवर नेमकी कुठे ठेच लागते, हे मराठीत कुणीतरी सविस्तर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

केतकी २०१६ मध्ये शिकायला मेलबर्नला गेली, २०२० मध्ये तिथली कायम रहिवासी झाली. शलाका मूळची बदलापूरची, ठाण्यात फिजिओथेरपिस्ट. २०२१ मध्ये ऑनलाइन ओळख झाली. मार्च २०२२ मध्ये केतकी वडिलांच्या आजारपणासाठी भारतात आली. वडील गेले, आई नाशिकला भावाकडे राहायला गेली. केतकी मेलबर्नच्या कंपनीचं काम इथूनच करत राहिली. जुलै २०२२ पासून दोघी एकत्र राहू लागल्या. घरी सांगितलं होतं, बदलापूरची रोजची लोकल झेपत नाही म्हणून रूममेट घेऊन ठाण्यात राहते.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाबाबतच्या सुप्रियो खटल्याचा निकाल दिला. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, निकाल थेट प्रक्षेपित होत होता, आणि या दोघी रजा टाकून ऐकत बसल्या होत्या. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, विशेष विवाह कायद्यात बदल करायचा की नाही ते संसदेने ठरवावं. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सुटका झाली तेव्हा पुढचा दरवाजाही कधीतरी उघडेल अशी आशा होती. त्या संध्याकाळी केतकीने जानेवारीचं परतीचं तिकीट काढलं आणि पार्टनर व्हिसाची माहिती शोधायला घेतली.

ऑस्ट्रेलियाच्या या व्हिसासाठी लग्न झालेलं असावंच लागत नाही. ‘डी फॅक्टो’, म्हणजे लग्नाविना जोडीदार म्हणून एकत्र राहणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, आणि १ जुलै २००९ पासून समलिंगी जोडपीही त्यात येतात. अट अशी की अर्जाच्या आधी निदान १२ महिने हे नातं असलं पाहिजे. तिथल्या विक्टोरियासारख्या राज्यात नात्याची नोंदणी केली तर ही बारा महिन्यांची अट गळून पडते. यांचे दीड वर्ष एकत्र राहण्याचे झाले होते, म्हणून त्या वाटेला त्या गेल्या नाहीत. दुसरा पर्याय होता नियोजित विवाहाचा, ३०० क्रमांकाचा व्हिसा. त्यावर तिथे जायचं, मुदतीच्या आत लग्न करायचं आणि मग पार्टनर व्हिसाचा अर्ज पुन्हा वेगळा. एजंटचं मत पडलं की पुरावा उभा राहत असेल तर सरळ ३०९ क्रमांकाच्या पार्टनर व्हिसाचा अर्ज करावा. आधी तात्पुरता व्हिसा आणि अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी कायमचा विचार. फी तेव्हा ९,०९५ ऑस्ट्रेलियन डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे पाच लाख रुपये. नकार आला तर ही रक्कम परत मिळत नाही.

तर प्रश्न पुराव्याचा. अधिकारी चार अंगांनी बघतात : पैशाचे व्यवहार एकमेकींत गुंतलेले आहेत का, घर कसं चालतं, चारचौघांत नातं माहीत आहे का, आणि एकमेकींशी बांधिलकी किती खोल आहे. भारतातल्या नवराबायकोला यातलं निम्मं आयतंच मिळतं. लग्नपत्रिका, हॉलमधले फोटो, पासपोर्टवर जोडीदाराचं नाव. या दोघींनी मात्र दीड वर्ष नेमकं उलटं काम केलं होतं. शलाका शनिवार-रविवार बदलापूरला जायची, तिथे धाकटा भाऊ सहज तिचा फोन उचलायचा. म्हणून दोघींच्या व्हॉट्सॲपवर सात दिवसांत संदेश आपोआप पुसले जातील असं सेटिंग लावलेलं होतं. फोटो काढले तरी त्यात तिसरं कुणीतरी हवंच. नातं टिकावं म्हणून त्याच्या खुणा रोजच्या रोज पुसायच्या, आणि आता तेच नातं टिकवायला त्या खुणा मागितल्या जात होत्या. त्या रविवारी शलाका हे बोलताना रडली, आणि मलाही काही सुचेना.

मग कामाला लागलो, आणि मला आधी सुचलं ते बँकेतलंच. माणूस आपल्या हाताने पुसतो त्याच्या पलीकडे कितीतरी जागी नोंद उरते. ऑनलाइन खरेदीच्या पावत्या काढल्या. केतकीच्या नावाने, कासारवडवलीच्या पत्त्यावर आलेल्या पासष्ट वस्तू निघाल्या, अगदी मिक्सरच्या भांड्याच्या झाकणापासून. सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये दोघी रहिवासी म्हणून नोंदलेल्या होत्या, तारखांसकट. शलाकाच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास केतकीकडून आलेली अर्ध्या भाड्याची रक्कम. यूपीआयच्या शेऱ्याच्या रकान्यात तर अख्खा संसार होता : ‘दूध’, ‘महानगर गॅस’, ‘महावितरण’, ‘बाईंचा पगार’, ‘कुंडीची माती’. विजेचं आणि गॅसचं बिल घरमालकाच्या नावावर, पण भरलं कुणी ते खात्यावर दिसत होतं. मी बिलाच्या प्रती आणि स्टेटमेंटच्या ओळी शेजारीशेजारी ठेवून खुणा केल्या. परदेशातल्या अधिकाऱ्याला महावितरण म्हणजे काय हे कुठून कळणार? म्हणून प्रत्येक खुणेखाली एक ओळीची समज लिहिली.

डिसेंबर २०२२ मध्ये केतकीला डेंग्यू झाला होता. पाच रात्री शलाका हॉस्पिटलात होती. दाखल करतानाच्या फॉर्मवर नातेवाइकाच्या जागी तिची सही, नातं : मैत्रीण. बिल तिच्या कार्डावरून भरलेलं. हा कागद फाइलीत फार मोलाचा ठरला, पण त्यामुळे एक विचित्र चित्रही उभं राहिलं. एका कागदावर मैत्रीण, दुसऱ्यावर चुलत बहीण, आणि अर्जात जोडीदार.

आता त्या कराराकडे येते.

चुलत बहीण का, तर सोसायटीला ‘बॅचलर’ भाडेकरू नको होते, मग मुली असोत की मुलगे. ब्रोकरने वाट काढली, “नात्यातल्या आहेत असं टाकू, एनओसी लगेच मिळेल.” दोघींना घर हवं होतं. आधी तीन ठिकाणी नकार ऐकून झाला होता. पुढच्या वर्षी नूतनीकरण करताना मालकाने एकट्या शलाकाच्या नावावर करार केला, त्यामुळे दोन्ही नावांचा तो एवढा एकच राहिला.

शलाका ठाण्यातल्या एका व्हिसा सल्लागाराला आधी भेटून आली होती. त्याने सांगितलं, जुन्या तारखेचा नवा करार बनवून देतो, आणि हार घालून चार फोटो काढून घ्या, लग्नासारखे दिसतील. हे ऐकून मी तिला समोर बसवलं. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत ४०२० क्रमांकाची एक कसोटी आहे. खोटा कागद दिला किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली असं ठरलं, तर अर्ज तर जातोच, पुढची तीन वर्षंही बहुतेक व्हिसांची दारं बंद होतात. खरं नातं खोट्या कागदाने बुडवायचं, याच्यासारखं दुर्दैव नाही. बँकेत मी असे कर्जदार पाहिले आहेत. उत्पन्न खरं, धंदा खरा, आणि घाईपोटी जोडलेल्या एका बनावट दाखल्यापायी सगळी फाइल परत.

मग हा करार जोडायचाच नाही, असं एक मत निघालं. तेही गैर नव्हतं, तो मागितलेला नव्हता. पण एकत्र राहायला सुरुवात झाल्याची पक्की तारीख त्याच्यावरच होती, आणि मुलाखतीत घर कसं मिळालं हा प्रश्न आला की गोष्ट निघणारच होती. मेलबर्नच्या एजंटने कायद्याचं कलम काढून दाखवलं. डी फॅक्टो जोडीदार एकमेकांचे ‘कुटुंबाच्या नात्यातले’ नसावेत अशी अट आहे खरी, पण तिची व्याख्या आईवडील-मुलं-नातवंडं अशी सरळ रेषा आणि सख्खी-सावत्र भावंडं एवढ्यापुरती आहे. चुलत भावंडं त्यात बसत नाहीत. म्हणजे ते वाक्य अक्षरशः खरं धरलं असतं तरी अर्ज त्या कलमाने पडला नसता. धोका वेगळा होता. न सांगता जोडलं तर ते वाक्य आपल्याच बाकीच्या फाइलीला खोटं पाडत होतं.

ठरलं की करार जोडायचा आणि त्याच्यासोबत दोघींचं एक पानी निवेदन. शलाकाने पहिला मसुदा लिहिला त्यात सगळा दोष ब्रोकरवर होता. मी तिला तो परत लिहायला लावला. सही तुमची आहे, वाचून केलेली आहे, तेही लिहा. दुसऱ्या मसुद्यात तिने लिहिलं : हे विधान खरं नाही. आम्ही नात्याने बहिणी नाही. सही करताना आम्हाला ते माहीत होतं. खरं नातं सांगितलं असतं तर घर मिळालं नसतं, आणि आमच्या घरच्यांपर्यंत बातमी गेली असती अशी आम्हाला भीती होती. पाच-सहा वाक्यं. मला विचाराल तर अख्ख्या फाइलीतला सगळ्यात भक्कम कागद तो होता. त्याने करारही वाचवला आणि चारचौघांतले पुरावे थोडे का आहेत याचंही उत्तर दिलं. नियमांतच म्हटलेलं आहे की नात्याची सर्व परिस्थिती विचारात घ्यावी, आणि लपून राहणं ही या नात्याची परिस्थितीच होती.

साक्षीदारांचं काम त्याहून नाजूक. नात्याच्या साक्षीदारांनी भरायचा ८८८ क्रमांकाचा फॉर्म असतो. केतकीच्या मेलबर्नच्या दोन सहकाऱ्यांनी तो भरला. पण त्यांनी या दोघींना एकत्र पाहिलं होतं ते व्हिडिओ कॉलवर. संसार झाला होता कासारवडवलीत, तेव्हा साक्षही तिथलीच हवी. शेजारच्या काकू तयार झाल्या. कोर्टनाक्याजवळच्या टायपिस्टने शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ठरलेला मजकूर काढून दिला, ‘मी त्यांना चांगल्या ओळखते, त्या चांगल्या चारित्र्याच्या आहेत.’ तो उपयोगाचा नव्हता. मी काकूंच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसले आणि म्हटलं, तुम्ही काय पाहिलंत तेवढंच सांगा.

त्यांनी विचारलं, “मी मैत्रिणी म्हणू, का अजून काही?”

मी म्हटलं, “तुम्हाला जे वाटतं ते. नाही वाटलं तर काहीच म्हणू नका.”

थोडा वेळ गॅसवरच्या दुधाकडे बघत राहिल्या. मग सांगत गेल्या. रविवारी रात्री इडलीचं पीठ न्यायला दोघी येतात, पातेलं केतकीच्या हातात असतं. शलाकाची आजी गेली तेव्हा केतकी बदलापूरला जाऊ शकली नाही, ती माझ्याकडे येऊन बसली, जेवली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघींना एकदम बोलावते, वाण दोन देते, पण पिशवी एकच नेतात. शेवटी म्हणाल्या, “लिही, एका घरातली दोन माणसं आहेत ती.” तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, आणि नोटरी केलं.

शलाकाच्या आईचं प्रकरण पोलिसांमुळे उभं राहिलं. व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला लागतो. शलाका मे अखेरीस फ्लॅट सोडून बदलापूरला परतली होती, म्हणजे वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज केल्यावर चौकशी बदलापूरच्या पत्त्यावर जाणार. दारात पोलीस आल्यावर घरच्यांना कळण्यापेक्षा आधी आपण सांगावं, असं मी तिला म्हटलं. एरवी मी कुणालाही घरी सांगण्याची घाई करत नाही. ज्याचं त्याने ठरवावं, आणि घरात मारहाणीची किंवा कोंडून ठेवण्याची भीती असेल तर अजिबात सांगू नये. इथे तशी भीती नव्हती. तिने फक्त आईला सांगितलं, मेथी निवडताना. आईने निवडणं थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, “पोलीस आले तर बाबांना काय सांगायचं?” बाबांना ऑस्ट्रेलियाला जाते आहे एवढं सांगायचं ठरलं. पुढे आठ दिवस आई तिच्याशी कामापुरतंच बोलली.

आईचं प्रतिज्ञापत्र आम्ही मागितलं नाही. पण शलाकाला फोन चाळताना एक गोष्ट सापडली. दोघींचे आपसातले संदेश पुसले गेले होते, आईशी झालेले नव्हते. जानेवारी २०२३ चा आईचा संदेश होता : ‘भावाबरोबर मेथीचे लाडू पाठवलेत. केतकीचे वेगळ्या डब्यात आहेत, तिला गूळ कमी लागतो.’ असे नऊ संदेश निघाले. परक्या रूममेटला गूळ किती लागतो हे आईला माहीत होतं. शलाकाने आईला विचारलं, हे दाखवू का? आईने चष्मा लावून सगळे नऊ वाचले आणि म्हणाली, “दाखव, त्यात खोटं काय आहे?” इंग्रजीत नसलेल्या कागदांचं अधिकृत भाषांतर जोडावं लागतं, ते करून घेतलं.

१२ ऑगस्ट २०२४ ला अर्ज दाखल झाला.

त्यानंतर सोळाच दिवसांनी, २८ ऑगस्टला, केंद्रीय अर्थ मंत्रालयाने खुलासा काढला की समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं, असंही केंद्राने राज्यांना कळवलं. दिवाळीत केतकी तीन आठवड्यांसाठी आली तेव्हा मी दोघींना घेऊन बँकेत गेले. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. केतकी आता अनिवासी. एनआरई, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईच्या खात्यात निवासी व्यक्तीला संयुक्त घ्यायचं तर ती जवळची नातेवाईक हवी, आणि ती यादी कायद्याने ठरलेली. शलाका त्यात बसत नाही. एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यात मात्र निवासी व्यक्ती संयुक्त धारक होऊ शकते, ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने, म्हणजे पहिल्या धारकाच्या पश्चात खातं दुसऱ्याकडे. काउंटरवरच्या मुलाने नातं विचारलं. मी खुलाशाची प्रत पुढे केली. मॅनेजरने वाचली, वर फोन केला, वीस मिनिटांत फॉर्म घेतला. खात्याचा कागद, आणि राम मारुती रोडवरच्या दिवाळी पहाटेचा दोघींचाच फोटो, मध्ये तिसरं कुणी नसलेला, हे दोन्ही नंतर अर्जात चढवले.

एप्रिल २०२५ मध्ये आणखी माहिती मागणारं पत्र आलं, २८ दिवसांची मुदत. वेगळं राहत असतानाचा संपर्क आणि खर्च दाखवा असं होतं. संदेश पुसण्याचं सेटिंग आम्ही पहिल्याच रविवारी काढून टाकलं होतं, त्यामुळे अकरा महिन्यांचं बोलणं शाबूत होतं. मी सगळ्यांना हेच पहिलं सांगते. आज अर्ज करायचा नसला तरी ते सेटिंग आज काढा आणि फोन सुरक्षित ठेवायची दुसरी तजवीज करा.

जूनमध्ये फोनवर मुलाखत झाली. चाळीस मिनिटं. केतकीच्या भावाचं नाव, तिला कुठल्या औषधाची ॲलर्जी, भाडं कोण कसं भरायचं. आणि मग करार. शलाकाने निवेदनात होतं तेच सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, आता तशीच वेळ आली तर पुन्हा सही कराल का? ती थांबली आणि म्हणाली, घर मिळालं नाही तरी चालेल, पण आता करणार नाही. पुढचा प्रश्न लगेच दुसऱ्या विषयावर गेला.

ऑक्टोबरमध्ये तात्पुरता व्हिसा मंजूर झाला. नोव्हेंबरमध्ये शलाका गेली. कायमच्या टप्प्याचं ऑगस्ट २०२६ मध्ये बघितलं जाईल. तोपर्यंत दोघी तिथलेही कागद साठवत आहेत, पहिला आहे भाडेकरार, दोन्ही नावांचा.

लग्नाचंही त्यांच्या मनात आहे. तिथे डिसेंबर २०१७ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे, आणि विवाह लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे निदान एक महिना आधी नोटीस द्यावी लागते. हे शलाकाने आईला फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी आईंचा मला फोन आला. बाबांना त्यांनी अजून सगळं सांगितलेलं नाही. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच, त्यांच्या पासपोर्टची मुदत २०१९ मध्ये संपली आहे, आता काय करायचं. त्या जुनं पुस्तक घेऊन आल्या, मी फॉर्म भरून दिला. वागळे इस्टेटची मंगळवारची सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. बदलापूरहून त्या एकट्याच येणार आहेत, मी त्यांना ठाणे स्टेशनवर घ्यायला जाईन.